डोणीवरची रडणारी बाई

इटलीतल्या सिएना शहराच्या वाटेवर, टेकडीखालच्या झऱ्याचं पाणी जिच्यात पडतं, ती संगमरवरी डोणी मी. बायका माझ्या काठावर कपडे आपटतात, गाढवं तोंड घालतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण मी जन्मले ती शवपेटी म्हणून.

रोमच्या राज्यात एका घरची कोवळी मुलगी गेली, तिच्यासाठी मला घडवलं. कारागिराने माझ्या अंगावर तिची आई कोरली. केस मोकळे, दोन्ही हात मागे फेकलेले, वाऱ्याने वस्त्र गुडघ्यांना चिकटलेलं. त्या लोकांना माणसाच्या देहाचं भारी वेड. दंड कुठे ताणला जातो, गळ्याची शीर कुठे फुगते, सगळं निरखून कोरायचे.

मग ते राज्य गेलं, त्यांचे देवही गेले. मुलीच्या हाडांची माती झाली. मला झऱ्याखाली आणून ठेवलं, माझं झाकण शेजारी पडून राहिलं. वर टेकडीवर चर्च झालं. तिथल्या भिंतींवर सोनेरी रंगात लांबट चेहऱ्यांचे संत आले, सगळे समोर बघणारे, अंगात हाडं आहेत की नाहीत कळू नये असे. हे मला बायकांच्या गप्पांतून कळलं. त्या चित्रांना हसू नका. त्या चित्रकारांना स्वर्ग दाखवायचा होता, आणि स्वर्गात कुणाचे केस विस्कटत नाहीत.

नुच्चा परटीण माझ्या काठावर धुणं धुवायची. तिची एकुलती एक लेक तेस्सा साथीत गेली. मयताच्या मागे बायकांनी केस सोडून आक्रोश करायचा नाही, केला तर दंड, असा कायदा होता. नुच्चा मुकाट उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी धुण्याला आली. त्यानंतर ती रोज माझ्यावरच्या बाईच्या गालाचं शेवाळ बोटाने पुसायची.

"रड बाई," म्हणायची, "तुला कोण दंड करणार?"

पुढे चर्चची भिंत नव्याने रंगवायचं ठरलं. गिलाव्याला चुना हवा, आणि संगमरवराचा चुना फार चांगला होतो. तोफो भट्टीवाल्याने माझं झाकण नेऊन भाजलं. तेवढ्याने भागेना, तसा तो बैल घेऊन माझ्यासाठी आला. मी मनातून फार घाबरले.

नुच्चा घागरा सावरत सरळ माझ्या पाण्यात येऊन बसली.

"ऊठ गं, भिजशील."

"भिजलेच आहे. आता ओढ मला. बघू तुझे बैल."

"अगं, दगड आहे तो नुसता."

"तुझं डोकंही दगडच आहे. ते घाल की भट्टीत."

बाकीच्या बायका खो खो हसल्या. एवढ्यात चुना का येत नाही म्हणून चित्रकार बिंदो खाली उतरला. भांडण ऐकायचं सोडून तो माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि कोरलेल्या दंडावरून अंगठा फिरवत राहिला.

"ही कोण?"

"नाव नाही ठाऊक," नुच्चा म्हणाली. "पण हिचं लेकरू गेलंय, एवढं कळतं."

"तोफो, बैल सोड. टेकडीचा दगड भाज," बिंदोने मागे वळून सांगितलं.

क्रुसावरच्या मुलासाठी रडणारी देवाची आई त्याला भिंतीवर रंगवायची होती, म्हणून बिंदो रोज येऊन माझ्यावरच्या बाईचं चित्र कागदावर काढू लागला. त्याचा हात जुन्या ताठ संतांवर बसलेला. खांदा काही साधेना. शेवटी तो ओशाळून म्हणाला, "बाई, जरा असे हात करून उभी राहशील?"

नुच्चाने इकडेतिकडे पाहिलं. केस सोडले, हात मागे फेकले, आणि तेस्साला पुरल्यापासून दाबून ठेवलेला आवाज बाहेर पडला. मी नवी होते तेव्हा माझ्यावर पडून एक आई रडली होती. तोच आवाज होता.

आवाज ऐकून पाद्रीबाबा धावत आले. बिंदोच्या कागदावरच्या रेघा बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"देवाची आई असे केस सोडून रडणार? माझ्या चर्चमध्ये?"

"बाबा, मुलगा तिचाच होता ना?" बिंदो म्हणाला.

तेस्साला मूठमाती पाद्रीबाबांनीच दिली होती. त्यांनी नुच्चाकडे पाहिलं आणि कागद बिंदोकडे सरकवून ते वर निघून गेले.

चित्र पुरं झालं. गावातल्या बायका ते बघून मोठ्याने रडल्या म्हणतात, आणि दंड कुणी मागितला नाही. नुच्चा तिथून तडक माझ्याकडे आली. गालाचं शेवाळ पुसून म्हणाली, "बघून आले तुला."

नुच्चा जाऊन फार काळ लोटला. माझी कोरलेली बाई पाण्याने झिजत चालली आहे, नाक तर गेलंच. मला टेकडी चढता येत नाही. तुम्ही गेलात तर त्या आईशेजारी भिंतीला तळवा टेकवा. ज्या झाकणाखाली माझी मुलगी निजली होती, ते त्या गिलाव्यात आहे. जरा हळू टेकवा.