पुतळाबाईचं परस्पर लग्न

कैनातच्या गल्लीत राहणारं एकही माणूस तिनं स्वतः घडवलेलं नव्हतं.

गल्ली होती कॉम्प्युटरवरच्या एका गेममधली, आणि त्या गेममध्ये माणूस घडवता यायचा. नाकडोळे, चाल, स्वभाव, आवडीनिवडी, सगळं ठरवायचं आणि वाटलं तर त्याला गॅलरीत ठेवून द्यायचं. मग जगातल्या कुठल्याही खेळाडूनं त्याला उचलावं नि आपल्या गावात राहायला आणावं. कैनातला घडवण्यापेक्षा नांदवण्यात रस होता. कोरियातल्या कुणी केलेली बेकरीवाली, नाशिकच्या कुणी केलेला रिटायर्ड पोस्टमास्तर, पोलंडची जुळी भावंडं, अशी जमवलेली माणसं तिनं खाडीकाठच्या एका गल्लीत शेजारी शेजारी वसवली होती. त्यांचे रुसवे, भांडणं, पाहुणचार ती रेकॉर्ड करायची, सगळ्यांचे आवाज स्वतःच काढायची आणि भाग करून चॅनलवर टाकायची.

त्या आवाजांसाठीच तर ती हे सगळं करत होती. लहानपणापासून कैनात बोलताना अडखळायची. 'क' तिला सगळ्यात जड, आणि नाव नेमकं त्याच अक्षराचं. वाशीच्या ऑफिसात तिनं मुद्दाम ईमेलला उत्तरं द्यायचं काम धरलं होतं, फोन घ्यावा लागू नये म्हणून. पण पोस्टमास्तर झाली की तिची जीभ सुरळीत चाले. बेकरीवाली झाली की ती गिऱ्हाइकाला दटावत असे. का, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नव्हतं.

पुतळाबाई तिला गॅलरीत अशीच सापडली. सगळ्या गोऱ्यागोमट्या, जीन्सवाल्या माणसांत एक पन्नाशीची कोळीण, घट्ट काष्टा, हनुवटीवर गोंदण, आंबाड्यात फुलं. खाली एवढंच लिहिलेलं : 'पुतळा, सारसोळे.' सारसोळे म्हणजे कैनातच्या नेरूळच्या बिल्डिंगीपासून बसचे दोन स्टॉप. तिला गंमत वाटली. बाई कुणाच्या तरी डोक्यातून आली असणार असं धरून चालत तिनं पुतळाला गल्लीत घर दिलं, होडी दिली.

पुतळा आली आणि चॅनल धावायला लागलं. ती जेटीवर उभं राहून भांडायची, एकटी होडी घेऊन खाडीत जायची, पोस्टमास्तरांना मासे साफ करायला शिकवायची. बघणाऱ्यांना ती फार आवडली. मग गल्लीत ओतावियो आला. ब्राझीलच्या एका खेळाडूनं केलेला हा चित्रकार, डोक्याला टक्कल, मागे छोटीशी शेंडी. त्या गेममध्ये माणसं मोकळी सोडली की आपल्या मनानंही वागतात. ओतावियो रोज जेटीवर यायचा, पुतळा त्याच्याशी बोलत बसायची. लोक कॉमेंटमध्ये मागे लागले, लावा यांचं लग्न. कैनातनं लावून दिलं. बेकरीवालीनं केक केला, जुळ्या भावंडांनी नाच केला, आणि तो भाग आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त पाहिला गेला.

दुसऱ्या दिवशी खाली एक कॉमेंट आली. 'ही माझी आई आहे. जिवंत आहे. सगळे व्हिडिओ काढून टाक.' लिहिणाऱ्याचं नाव कुंदन. गॅलरीत पुतळाला ठेवणाऱ्याचंही हेच नाव होतं, आणि कैनात प्रत्येक भागाखाली घडवणाऱ्याचं नाव न चुकता देत असल्यामुळेच कुणीतरी त्याच्यापर्यंत पोचलं होतं.

कैनातनं लग्नाचा भाग लगेच लपवला आणि माफी मागणारा मेसेज पाठवला. उत्तर आलं, 'एक नको. सगळे काढ. गावातली पोरं मला विचारतात, नवीन बाप कुठे आहे.'

तिची मोठी बहीण शायमा एका वकिलाकडे कामाला होती. तिनं सगळं वाचलं. "त्यानं स्वतः गॅलरीत ठेवलं ना? मग कुणीपण वापरू शकतं. नियमच आहे. तू टेन्शन घेऊ नकोस, उत्तरही देऊ नकोस."

"नियम ब… बरोबर आहे, आपा," कैनात म्हणाली. "पण बाई खरी आहे."

"मग काढून टाक. विषय संपला."

सगळं काढणं सोपं होतं. पण पुतळाचा आवाज काढत काढत ती जितकं बोलली होती, तितकं उभ्या आयुष्यात बोलली नव्हती. ते पुसायचं असेल तर निदान त्या बाईच्या तोंडून ऐकून पुसायचं, असं तिनं ठरवलं.

"मी जाऊन भेटते त्यांना."

शायमानं तिच्याकडे पाहिलं. "मी येते. मी बोलीन."

"नको. चूक मी केली, मीच ब… बोलेन."

रविवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन सारसोळ्यात उतरली. इमारतींच्या मागे गाव अजून गाव होतं, अरुंद बोळ, दारादारांत वाळत टाकलेली जाळी. पुतळाबाईचं घर विचारल्यावर एका बाईनं नुसता हात केला आणि हसून आत गेली. म्हणजे हिनंही पाहिलंय, कैनातच्या मनात आलं.

दार उघडणारा तिशीचा होता, कुंदनच असणार, तुर्भ्याच्या कुठल्याशा कारखान्याचा शर्ट अंगात.

"मी क… क…"

"कैनात ना? कळलं. आत्ता काय पाहिजे?"

तिनं मान हलवली. दुसऱ्यानं आपलं वाक्य पुरं केलं की ती सहसा सोडून द्यायची. आज तिनं श्वास घेतला, परत 'क'वर अडकली, परत घेतला, आणि म्हणाली, "मी कैनात. मला तुमच्या आईंना भेटायचंय."

"कोन हाय रं?" आतून आवाज आला.

"ती व्हिडिओवाली."

"मंग दारात का उभी केलीस तिला?"

पुतळाबाई जमिनीवर बसून सुपात सुका जवळा निवडत होती. हनुवटीवर तेच गोंदण. बाकी चेहरा मात्र वेगळा होता, जास्त रुंद, जास्त थकलेला, आणि डोळे फार तल्लख. कैनात समोर बसली. पुतळाबाईचे हात चालूच राहिले.

"मना मोबाईलात नवरा तूच केलास?"

"हो, मावशी."

"मना इचारलंस?"

"न… नाही. तुम्ही खऱ्या आहात हे मला माहीत नव्हतं. पण ज्यानं तुम्हाला घडवलं, त्याला विचारता आलं असतं. तेही मी व… विचारलं नाही. त्याची माफी मागायला आलेय."

हे वाक्य पुरं व्हायला बराच वेळ लागला. कुंदन अस्वस्थ होऊन मोबाईल चाळायला लागला. पुतळाबाईनं मात्र एकही शब्द तिच्या तोंडातून ओढून घेतला नाही. जवळ्यातले खडे काढत ती थांबून राहिली.

मग ती मुलाकडे वळली. "आनि तू? तू केलंस तवा मना इचारलेलंस?"

"मी माझ्यासाठी केलेली, आई. तेव्हा जहाजावर नोकरीला होतो, करमायचं नाही. फोटोवरून केली."

"मंग सगल्यांनी उचलावी म्हनून तिकडं का ठेवलीस?"

"दोस्त बोलला, मस्त झालीय, टाक."

"तुझ्याकडं मी काय करत व्हते?"

"काही नाही. मोठं घर दिलेलं. सोफा, टीव्ही. तू बसलेली असायचीस. काम नाही, धाम नाही."

"नुसती बसलेली?" पुतळाबाईला हसू आलं. "हिच्याकडं मी होडी तरी चालवली."

"होडी चालव, भांडणं कर, काय पण कर," कुंदनचा आवाज चढला. "पण बाबांच्या जागी…" तो अडला. मग खाली बघून हळू बोलला. "मी बाबांना पण करायला बसलेलो. चेहराच येईना. किती वेळा केला, किती वेळा पुसला. आणि हिनं एका क्लिकमध्ये कुणालातरी आणून तुझ्या बाजूला उभा केला."

कैनातला वाटत होतं की पोरांच्या हसण्यानं हा चिडलाय. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

पुतळाबाईनं सूप बाजूला ठेवलं. "बरं झालं जमलं नाय. तो माझ्या मांडीवर गेला, कुंदन. त्याला परत आनून त्या खेळात फिरवू नको. मना नाय बघवायचं." तिनं पदरानं हात पुसले. "दाखव गो, पोरी. काय केलंस ते मना धड बघू दे. भाचीनं दाखवलं ते धावतपलत."

कैनातनं लॅपटॉप उघडला. पुतळाबाई स्वतःला बघत राहिली. होडीचा भाग आला तशी ती पुढे सरकली. लग्न आलं तेव्हा तिनं बोट पडद्याला टेकवलं.

"हा काम काय करतो?"

"चित्रं काढतो."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"आनि हे बोलनंबिलनं आम्ही आमच्या मनानं करत व्हतो, का तू लावलंस?"

कैनातनं खरं ते सांगितलं. "बोलणं तुमच्या मनानं. लग्न मी लावलं. लोक म्हणत होते, म्हणून."

पुतळाबाईनं पुन्हा एकदा ओतावियोला नीट पाहिलं. "बोलनं राहू दे. मानूस ऐकून घेतो, चांगला वाटतो. लगीन काढ. मना लाज वाटते म्हनून नाय. मना लगीन करायचं नाय, म्हनून."

"सगळंच काढायला सांग ना, आई."

"नाय. बाकीचं राहील."

"पोरं हसतात."

"ती तुना हसतात. मना येऊन अजून कोन हसला नाय."

कुंदन उठून दारात जाऊन उभा राहिला. पुतळाबाईनं तिकडे लक्ष दिलं नाही. तिला आणखी एक गोष्ट सांगायची होती. एका भागात जेटी हलवायची म्हणून तिची मोजणी करायला माणसं येतात आणि पुतळा हात जोडून त्यांची विनवणी करते. ते तिला बिलकूल पसंत नव्हतं.

"मी हात जोडनार नाय. ते बदल."

"मग क… काय करणार तुम्ही?"

"त्यांना उनात उभं करीन. खुर्ची देनार नाय. पानी मागतील तवा देईन, आनि इचारीन, ही जेटी कोनी बांधली ते म्हाईत हाय का."

कैनातनं ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं.

घरी आल्यावर शायमा म्हणाली, लग्नाचा भाग गेला तो टेक्निकल प्रॉब्लेम होता असं सांगून टाक, कोण विचारतंय. कैनातनं ऐकलं नाही. तिनं ओतावियोच्या घडवणाऱ्याला आधी मेसेज पाठवला, भाषांतराच्या ॲपमधून, की तुमच्या माणसाचं लग्न मोडतेय, तो कुणा खऱ्या माणसावरून केलेला असेल तर सांगा. उत्तर आलं की तो कुणावरून केलेला नाही, खुशाल मोडा, फक्त त्याची चित्रकला सोडवू नका.

मग ती माइकसमोर बसली. या वेळी पोस्टमास्तरांचा आवाज नाही, बेकरीवालीचा नाही. तिनं स्वतःच्या आवाजात सांगितलं की या गल्लीतली माणसं दुसऱ्यांनी घडवलेली आहेत, त्यातली एक खरी आहे, तिला न विचारता मी तिचं लग्न लावलं आणि ते मी आता काढलं आहे. नावावर ती अडकली, मधेही दोन-तीनदा अडकली. कापायला बसली तेव्हा हात माउसवर होता. पुतळाबाईनं जशी वाट पाहिली, तशी बघणाऱ्यांनीही पाहावी, असं म्हणत तिनं काहीही न कापता व्हिडिओ वर चढवला.

बरेच लोक चिडले. लग्न हाच तर मजेचा भाग होता, असं म्हणत काही सोडून गेले. एकानं तिच्या बोलण्याची नक्कल करून टाकली. ती बघून कैनात दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं जेटीचा भाग नव्यानं केला. मोजणीवाले उन्हात उभे राहिले, पुतळानं पाणी दिलं आणि प्रश्न विचारला. त्या भागाखाली दिवाळे गावापासून उरणपर्यंतच्या लोकांनी आपापल्या जेटी कुणी बांधल्या ते लिहिलं.

काही आठवड्यांनी कुंदनचा फोन आला. कैनातनं फोन घेतला.

"आई बोलवते. मी पुन्हा करायला बसलोय तिला. फोटोवरून चुकलेलं."

ती गेली तेव्हा पुतळाबाई खिडकीपाशी खुर्चीत ताठ बसली होती आणि कुंदन कॉम्प्युटरवरून तिच्या तोंडाकडे, तोंडावरून कॉम्प्युटरकडे पाहत होता. अजून तो कैनातशी मोजकंच बोलायचा, पण तिला बसायला स्टूल त्यानंच पुढे केलं.

"पोट बारीक केलंस," पुतळाबाई म्हणाली. "हाय तेवढं कर. आनि ही कपालावरची रेघ कुठं गेली?"

"आई, चांगली दिसावीस म्हणून…"

"मी चांगलीच दिसते. रेघ घाल."

त्यानं रेघ घातली. उजव्या भुवईवरचा जाळ्याच्या आकड्याचा वणही घातला. त्यासाठी त्याला जवळ जाऊन पाहावं लागलं. तो तिथे होता हेच त्याला माहीत नव्हतं. सगळं झाल्यावर त्यानं विचारलं, "गॅलरीत ठेवू?"

पुतळाबाईनं विचार केला. "ठेव. पन खाली लिव, इचारून न्या."

त्यानं लिहिलं. कैनात स्टुलावरून उठली. "मावशी, न… नेऊ का मी?"

"आज नाय," पुतळाबाई म्हणाली आणि खुर्ची पडद्याजवळ ओढून बसली. "उद्या ने. आज मना बघू दे, मी कशी दिसते ती."