लाईट गेली तरी

“नारळ कुठं फोडायचा, भाई? वर गच्चीवर, का खाली या डब्यापाशी?”

पुंजारामनाना इस्त्रीचा शर्ट घालून, हातात नारळ घेऊन उभे होते. डबा म्हणजे सोलरचा इन्व्हर्टर. पडवीच्या भिंतीवर रहेमानने तो परवाच बसवला होता, आणि आज सकाळी नानांनी त्याला हळदीकुंकू लावून झेंडूची माळसुद्धा घातली होती. माळेच्या आडून हिरवा दिवा लुकलुकत होता.

“खालीच फोडा नाना. वर काचेला लागायचा,” रहेमान म्हणाला.

सोलर चालू करायच्या दिवशी नारळ हा ठरलेलाच. त्यातली एक कवड फिटरला द्यायची, हेही ठरलेलं. रहेमानच्या घरात आठवड्यातून तीनदा खोबऱ्याची चटणी होई. त्याची मुलगी इन्शा म्हणायची, अब्बा, तुम्ही सोलर बसवता की नारळाची गाडी लावता? तोही हसायचा. सोलरच्या आधी अंबडला एका टपरीवजा दुकानात त्याने वीस वर्षं जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून दिली होती. दिवसभर जळक्या वार्निशचा वास आणि गिऱ्हाइकाची घाई. त्यामानाने छपरावरचं काम त्याला मोकळं वाटायचं. ऊन लागायचं, गुडघे बोलायचे, पण वर कोणी डोकं खायला येत नसे.

या धंद्यात तो एकच गोष्ट शिकला होता, ती म्हणजे तोंड बंद ठेवणं. कंपनीचा माणूस खाली बसून काय काय कबूल करतो, ते आपण ऐकायचं नाही. एकदा पाथर्डी फाट्यावरच्या एका गिऱ्हाइकाला त्याने सांगून टाकलं होतं की बिल शून्य वगैरे काही येणार नाही, थोडंफार येईलच. त्यानंतर अख्खा उन्हाळा त्याला काम मिळालं नाही. तेव्हापासून तो गिऱ्हाइकाशी पाना, पाइप आणि चहा एवढंच बोलत असे.

नानांनी पायरीवर नारळ फोडला, पाणी डब्याच्या दिशेने शिंपडलं आणि मोठ्ठा श्वास सोडला.

“सुटलो बुवा! आता लाईट गेली काय आन राहिली काय, आपल्याला घेणं ना देणं.”

रहेमानने कवड घ्यायला पुढे केलेला हात तसाच राहिला.

आतल्या खोलीतून तीन दिवस तो एक घरघर ऐकत होता. नानांच्या बायकोचं, भागुबाईंचं, ते ऑक्सिजनचं मशीन. सिन्नरच्या आजूबाजूला घरोघरी बायका विड्या वळायच्या, तशा भागुबाईंनीही तीस वर्षं तंबाखूची धूळ नाकातोंडात घेत विड्या वळल्या होत्या. आता फुफ्फुसं साथ देत नव्हती. नाकात नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला मशीन, आणि मशीन विजेवर. इथवर रहेमानला माहीत होतं. एवढं मशीन घरात आहे म्हणजे लाईट गेल्यावर चालवायला बॅटरी असणारच, असं त्याने गृहीत धरलं होतं. आता त्याची नजर भिंतीच्या खालच्या अंगाला गेली. तिथे दोन भोकं होती आणि रंगाचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा स्वच्छ होता.

“नाना, इथं बॅटरीवाला जुना इन्व्हर्टर होता का?”

“व्हता की. बॅटरी मेली व्हती त्याची, पाच मिंटं पण धरत नव्हती. नवी टाकणारच व्हतो, पण तुमच्या कंपनीचा माणूस म्हणला, आता बॅटरी काय करता, सोलरच घ्या. लाईट गेली तरी वरून ऊन चालूच हाय. म्हणून दिला भंगारात.”

रहेमानने एकदा फाटकाकडे पाहिलं. मोटरसायकल तिथेच उभी होती. कवड पिशवीत टाकायची, सलाम करायचा आणि निघायचं. पण त्याचे पाय काही उचलले नाहीत.

“नाना, जरा बाहेर येता का?” तो हळू म्हणाला.

अंगणात एप्रिलचं ऊन रणरणत होतं. रहेमानने शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. हे सोलर बॅटरीवालं नाही. हे बोर्डाच्या लाईनला जोडलेलं. लाईन चालू तर हे चालू. लाईट गेली की हे आपोआप बंद होतं, कारण तिकडे वायरमन खांबावर चढलेला असतो, आपला करंट तारेत गेला तर तो जागेवर मरेल. म्हणून ते बनवतातच असं.

नाना ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू घट्ट होत गेला.

“आन वर एवढं ऊन असलं तरी?”

“तरी.”

नानांनी खिशातून फोन काढला आणि कंपनीच्या माणसाला लावला. स्पीकर चालू केला, रहेमानला ऐकू यावं म्हणून.

“काका, टेन्शन नका घेऊ,” पलीकडून हसरा आवाज आला. “तो फिटर आहे. हे लोक असं घाबरवतात आणि मग स्वतःच बॅटरी विकतात. तुम्ही एन्जॉय करा. मी मीटिंगमध्ये आहे.”

फोन बंद झाला. आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, बिनतिकिटाच्या उतारूकडे बघावं तसं नाना रहेमानकडे बघत राहिले.

“किती घेणार हाईस बॅटरीचे?”

सकाळपासूनच्या ‘भाई’चा एका क्षणात अरे-तुरे झाला होता. रहेमानला राग आला नाही. हा माणूस आपल्यावर नाही, जे ऐकलं त्याच्यावर चिडलाय, हे त्याला कळत होतं, आणि म्हणूनच त्याला जास्त वाईट वाटलं.

“मला काही विकायचं नाही, नाना.”

“खोटं बोलतोस तू. आत्ता दाखवतो.”

नाना तरातरा पडवीत गेले आणि रहेमान पोचायच्या आत त्यांनी मेन स्विचचा खटका खाली ओढला.

झेंडूच्या माळेमागचा हिरवा दिवा विझला. पंखा मंदावला. आतली घरघर थांबली आणि तिच्या जागी मशीन चिरकायला लागलं, एकसारखं, कानात घुसेल असं. छपरावर काचा उन्हात तळपत होत्या आणि घरात एक तारही जिवंत नव्हती.

रहेमानने झडप घालून खटका वर केला. चिरकणं थांबलं, घरघर पुन्हा सुरू झाली.

“अहो, काय झालं?” आतून भागुबाईंचा आवाज आला, तुटक. “लाईट गेली का?”

नाना आतल्या दाराकडे वळले.

“नाय गं. भाई टेस्टिंग करत्यात.”

मग ते पायरीवर, फुटलेल्या नारळाच्या शेजारी बसले. रहेमानही शेजारी टेकला.

“सगळा फंड घातला, भाई. वर हप्ता लावून घेतला,” नाना म्हणाले. “आता बॅटरीला काय घालू?”

“मी बघतो एखादी जुनी,” रहेमान म्हणाला. पण जुन्या बॅटरीच्या भरवशावर त्याने स्वतःच्या घरातला पंखासुद्धा ठेवला नसता, आणि हे त्याला बोलतानाच ठाऊक होतं.

“ऑक्सिजनचा सिलिंडर हाय कोपऱ्यात. पण त्याची चावी तिला फिरत नाय. मलाच फिरवावी लागती. दिवसा गल्लीत चिटपाखरू नसतं, सगळी कंपनीत नायतर रानात. म्हणून तर दोन वरसं उंबरा सोडला नाय मी.” नानांनी आवाज अगदी खाली आणला. “एक करा. तिला सांगू नका.”

“नाना, लाईट गेली की त्यांना कळणारच.”

“कळंल तवा कळंल. तुम्हाला ठाऊक नाय. ती दिसभर वर पंख्याकडं बघत पडती. पंखा जरा हळू झाला का माझा हात धरती. काल म्हणली, उद्यापास्नं मी डोळे मिटून झोपणार. एक दिस झोपू द्या तिला. एकच दिस.”

रहेमान काही बोलायच्या आत आतून हाक आली. “भाऊ, या की आत. ह्यांनी चहा करून ठेवलाय, पण मला आणवत नाय.”

भागुबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. हाडांवर नुसती कातडी उरलेली, पण केस नीट विंचरलेले, कपाळाला ठसठशीत कुंकू. मांडीवर लाल कापडाचं चिमुकलं टोपडं होतं आणि त्या त्याची शेवटची गाठ मारत होत्या. दोन-तीन शब्दांमागे त्या थांबत, श्वास घेत, आणि मग पुढचे शब्द बोलत.

“भाऊ, तुम्ही लय उपकार केले. मग आता… लाईट गेली तरी हे चालंल ना?”

नाना त्यांच्या खाटेमागे उभे होते. भागुबाईंना दिसणार नाही अशा बेताने त्यांनी छातीशी हात जोडले.

कंपनीचं खोटं रहेमान आजवर फक्त न बोलता निभावत आला होता. स्वतःच्या तोंडाने बोलायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

“चालेल, मावशी,” तो म्हणाला.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भागुबाईंनी मात्र डोळे मिटले आणि इतक्या समाधानाने हसल्या की त्याला त्यांच्याकडे बघवेना.

“ऐकलं का?” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “मग आता माझ्या उशाशी… बसून नका राहू. भाऊ नाशकाला चाललेत, त्यांच्या गाडीवर जा. सातपूरला लेकीकडं. नात सव्वा महिन्याची झाली… आन आज्यानं तोंड नाय बघितलं. हे टोपडं न्या. संध्याकाळच्या गाडीनं या.”

“आज कशाला? बघू पुढं.”

“आता काय अडचण हाय? सोलर… कशाला घेतलं मग?”

नाही म्हणायचं तर नानांना सगळंच सांगावं लागलं असतं. त्यांनी टोपी घातली, पिशवीत टोपडं आणि डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवला. निघताना मशीनवर एकदा हात ठेवला, सिलिंडरची चावी उगाच थोडी सैल करून पाहिली. भागुबाई डोळे मिटून पडल्या होत्या. पंख्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

मोटरसायकल गल्लीचं वळण घेऊन पिठाच्या गिरणीशी आली तशी नानांनी रहेमानच्या खांद्यावर हात दाबला.

“थांबा भाई. उतरतो.”

“सातपूर?”

“हितनं घर हाकेवर हाय.” नाना गिरणीच्या बाहेरच्या बाकावर बसले. “गिरणी चालू तवर लाईट हाय. गिरणी थांबली का पळायचं.”

“मग घरीच चला ना परत.”

“घरी गेलो तर तिला कळंल.” त्यांनी पिशवी रहेमानच्या हातात दिली, पत्ता सांगितला. “पोरीला म्हणावं, आईनं इचारलं तर सांग, बाबा येऊन गेले. मी पण संध्याकाळी सांगीन, नात तुझ्यावर गेली म्हणून. नाक तुझंच हाय म्हणून.”

“मी फोटो पाठवतो, नाना,” रहेमान म्हणाला. “बॅटरीचंही बघतो.”

“बघा,” नाना म्हणाले. पण त्यांचं लक्ष आता बोलण्यात नव्हतं. मान किंचित कलती करून ते गिरणीचा आवाज ऐकत होते.

रहेमानने पिशवी हँडलला अडकवली. किक मारायला पाय उचलला, तोच गिरणी थांबली.

नाना उठले कधी हेही दिसलं नाही. सत्तरीकडे झुकलेला तो माणूस टोपी सावरत गल्लीतून धावत सुटला. एक चप्पल बाकापाशीच राहिली.

“ओ नाना!” गिरणीवाली चिमणाबाई पिठाने पांढरी झालेली बाहेर आली. “लाईट हाय! ज्वारी काढून गहू टाकतेय नुसता!”

नाना गल्लीच्या मध्यावर थांबले. भिंतीला हात टेकून उभे राहिले, खांदे वरखाली होत होते. थोड्या वेळाने एका पायात चप्पल घातलेले ते हळूहळू परत आले. रहेमानकडे त्यांनी बघितलं नाही.

गिरणी पुन्हा सुरू झाली. नाना बाकावर बसले, पायातली दुसरी चप्पलही काढली, दोन्ही बाकाखाली सारली, आणि तापलेल्या जमिनीवर अनवाणी पाय रोवून, पुढे वाकून बसून राहिले.