चौथ्या खांबाचा वास

।

"उंबरा उंच आहे, जपून," घर दाखवणारे गाइड, हेर हासेलबाख, म्हणाले. "तर मंडळी, हे घर चौदाशे अडुसष्ट सालचं. सुतारांनी लाकडी सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवला, रेघा कोरून प्रत्येक लाकडाला नंबर दिला, मग तो उभा केला. ही एक रेघ, या दोन, या तीन. आणि हा चौथा खांब. ही भोकं बघा. कापडाचा व्यापारी इथे तराजू टांगायचा. पुढे, पूर्व जर्मनीच्या काळात, घर ओस पडलं. तरी टिकलं. चमत्कारच!"

मी हात वर केला.

"चमत्कार नाही. तो खांब माझ्या वडिलांनी उभा केलाय, एकोणीसशे शहात्तरला. एबरहार्ट क्राल. आणि घर ओस नव्हतं. आम्ही राहत होतो इथे."

बारा माणसं माझ्याकडे वळली. हेर हासेलबाख हसले. ते पश्चिमेकडून इथे राहायला आलेले, भूगोलाचे निवृत्त मास्तर; हसून वर्ग गप्प करायची जुनी सवय.

"आठवणी गोड असतात, फ्राउ क्राल. पण या चार रेघा बघा. जुन्या सुताराचा हात आहे तो."

"वडिलांचा हात आहे. दिवा मी धरला होता, नऊ वर्षांची होते."

"चला, मंडळी, वरचा मजला."

।।

पुढचा शनिवार. पुन्हा तिकीट. उंबरा, जपून, चौदाशे अडुसष्ट, एक रेघ, दोन, तीन, तराजू, ओस, चमत्कार.

हात वर.

या वेळी मी सगळं सांगितलं. जुना खांब खालून कुजला होता आणि आमच्या स्वयंपाकघराचं छत वीतभर खाली आलं होतं. घरं वाटणाऱ्या कचेरीत वडिलांनी तीन अर्ज दिले. उत्तर आलं, ही घरांची रांग पाडायचीच आहे, दुरुस्ती कशाला? वडील रेल्वेच्या यार्डात सुतार. मे दिनाला सगळं गाव मिरवणुकीत असताना त्यांनी पाच शेजारी घेतले आणि रुळाखालचा ओकचा जुना स्लीपर हातगाडीवर घालून आणला. वर तुळईला जॅक, खाली स्लीपर.

"म्हणजे चोरीचं लाकूड," हेर हासेलबाख म्हणाले, "आणि वर बनावट नंबर. असं सांगू मी लोकांना?"

हशा झाला.

"खरं ते सांगा. एवढंच."

"पुरावा आहे?"

"वास घ्या. डांबराचा येईल. स्लीपर त्यात मुरवतात."

।।।

तिसरा शनिवार, मे महिना, बाहेर गार भुरभुर. मी पाहुण्यांना खांबाला नाक लावायला लावलं. त्यांनी लावलंही बिचाऱ्यांनी.

"मेणाचा येतोय," एक आजोबा म्हणाले. "फरशीचं मेण."

मीही नाक लावलं. मेणच.

"फ्राउ क्राल, आता तिकीट काढू नका हो," हेर हासेलबाख हळूच म्हणाले. "मलाच वाईट वाटतं."

घरी बहीण म्हणाली, "रोझवीटा, बाबांना जाऊन वीस वर्षं झाली. त्यांना काय कळणार आहे?"

"त्यांना नाही. मला कळतंय ना."

खिडकीबाहेर मी तापमापक टांगला. जून संपेपर्यंत त्या घरात पाऊल टाकलं नाही.

।।।।

जुलै. छत्तीस अंश. तिकीट.

हेर हासेलबाखांनी मला पाहिलं आणि रुमालाने मान पुसली. उंबरा. जपून. एक रेघ, दोन, तीन. मी हात वर केला नाही. तोंडही उघडलं नाही.

"...आणि हा चौथा..."

"इथून गाडी जाते की काय?" मागून एका जाड्या बाईंनी विचारलं. "फलाटासारखा वास येतोय."

"वास?"

"अहो, डांबर! आमचे हे तीस वर्षं लाइनवर होते. कपडे मी धुतलेत." त्या पुढे आल्या आणि भोकात करंगळी घातली. "तराजू कसला? रुळाचे बोल्ट इथे बसायचे. बघा, उकाड्याने रडतोय."

भोकातून काळा, चकचकीत थेंब खाली ओघळत होता. हेर हासेलबाखांनी तो बोटावर घेतला, हुंगला, पुन्हा हुंगला. वर चला म्हणाले नाहीत.

"नंबर का कोरला पण त्यांनी?" त्यांनी मला विचारलं. मास्तरासारखं नाही.

"मीही तेव्हा तेच विचारलं होतं. म्हणाले, तिसऱ्याच्या आणि पाचव्याच्या मध्ये उभा राहणार आहे तो. त्याला कुणी परका म्हणायला नको."

त्यांनी बोट रुमालाला पुसलं. मग लोकांकडे वळले.

"मंडळी, हा चौथा खांब एकोणीसशे शहात्तरचा आहे. रेल्वेचा स्लीपर. एबरहार्ट क्राल या सुताराने तो उभा केला, म्हणून तुमच्या डोक्यावर छत आहे." नाव त्यांनी नीट घेतलं. पण जीभ सवयीची, ती पुढे धावली: "त्या काळात घर ओस पडलं होतं..."

मी हात वर केला.

हेर हासेलबाखांनी डोळे मिटले. खिशातून वही आणि पेन्सिल काढली.

"बोला, फ्राउ क्राल. कुटुंबं किती?"

"आठ."

"संडास?"

"एक. अंगणात."

"सावकाश," ते म्हणाले. "लिहितोय."