गच्चीवरची चादर

थोरलीचं काम सांगायला सोपं होतं. पुरात अडकलेली माणसं वरून कशी ओळखायची, हे ती यंत्राला शिकवायची. ड्रोनने काढलेले फोटो पडद्यावर आले की ती माणसाभोवती चौकट आखायची. सुरुवातीला ते येडं दगडाला माणूस म्हणायचं आणि माणसाला पाण्याची टाकी. थोरली त्याच्यावर पोटच्या पोरासारखी डाफरायची आणि शेजारच्या टेबलावरची मंडळी हसायची.

कापड हलवणारा माणूस सगळ्यात आधी दाखवायचा, हा नियम तिचाच. जो हाका मारतोय त्याच्याकडे बोट पहिली जायला नको? त्या नियमाने बरीच माणसं वाचली, आणि थोरलीने ते नदीपलीकडे दिलेल्या धाकट्या बहिणीला फोनवर मिरवून सांगितलं.

"पूर आला की गच्चीवर जायचं आणि चादर हलवायची. बाकी मी बघते."

"एवढ्या गर्दीत तुझं यंत्र मला ओळखेल का गं, ताई?"

"न ओळखून जातंय कुठे? तुझ्याइतकं वेंधळं कोण आहे दुसरं?"

मग लढाई पेटली आणि नदीची सरहद्द झाली. पलीकडचे फोन बंद पडले. एक दिवस साहेबांनी चहा पिता पिता सांगून टाकलं, की यंत्र लष्करानेही घेतलंय.

"आपलं काम तेच, ताई. माणूस शोधून द्यायचा. पुढचं ते बघतील."

"आणि कापडाचा नियम?"

"कुठला नियम?"

त्यांना आठवतही नव्हता. यंत्र जसंच्या तसं उचलून दिलं होतं. थोरली ताडकन उठली. "तो आधी काढा," ती म्हणाली. "लोक जीव वाचवायलाच कापड हलवतात हो." साहेब चांगले होते, पण वरच्यांना विचारल्याशिवाय पाणीही न पिणारे. विचारतो म्हणाले. थोरली रोज त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायची आणि रोज हात हलवत परतायची.

अखेर एका सकाळी ते स्वतःच आले. "झालं तुमच्या मनासारखं, ताई. कालच नियम काढला." थोरलीने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला आणि तपासणीसाठी आलेले फोटो उघडले.

पहिल्याच फोटोत एक गच्ची होती. मोठ्या निळ्या चौकड्यांची चादर होती. लग्नात धाकटीला काय द्यावं म्हणून दुकानदाराला भंडावून सोडून थोरलीने निवडलेली. फोटो नियम काढण्याच्या आदल्या दिवशीचा होता. कोपऱ्यात लष्कराचा शेरा होता: लक्ष्य नष्ट.

तिला रडूही येईना. धाकटीने चादर दोन्ही हातांनी उंच धरली होती आणि तोंड वर केलं होतं. ती हसत होती. खाली रोजचाच प्रश्न होता, यंत्राने माणूस बरोबर ओळखला का?

बरोबर ओळखला होता. सगळ्यात आधी.