जासुदाची पायरी

"सफरचंद घेतलंत ना, काका? आधी चावायचं, मग बोलायचं," दिग्दर्शक विंगेत त्याच्या कानाशी पुटपुटला. "त्या बाईचं तुम्हाला काही सुखदुःख नाही."

जासुदानं मान डोलावली. पोटापाण्यासाठी तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. पण नाटकमंडळी त्याला जासूदच म्हणत. या जुन्या, प्रेक्षकांनाही पाठ असलेल्या नाटकात तो वर्षानुवर्षं जासुदाचं, म्हणजे निरोप्याचं, एकच काम करत आला होता. तिसऱ्या अंकात यायचं, राजमातेला तिचा मुलगा रणात पडल्याचं सांगायचं, निघून जायचं. वाक्यं मोजून चार. पण एकाच अभंगाला तिघांनी तीन चाली लावाव्यात, तशी त्या चार वाक्यांची गत झाली होती. पहिल्या दिग्दर्शकानं त्याला ढसाढसा रडवलं. दुसऱ्यानं दगड केलं. हा नवा पोरगा म्हणे, जासूद निर्ढावलेला आहे. घरोघर मरणं वाटत फिरणाऱ्याला भूक लागणारच.

"माझा लेक गेला आणि हा फळं खातोय!" राजमातेचं काम करणारी ताई तालमीत म्हणाली होती. "निदान अर्धं मला तरी दे रे, मेल्या!" सगळे पोट धरून हसले होते.

आता ताई रंगमंचावर होती. इतक्यात व्यवस्थापक रंगपटातून धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताईचा भाऊ गेला. दवाखान्यातून फोन होता."

तो धाकटा भाऊ रोज ताईला तालमीला सोडायचा आणि बाहेर स्कूटरवरच पेंगत बसायचा.

"पडदा पाडा," जासूद म्हणाला.

"भरल्या नाट्यगृहात?" दिग्दर्शक म्हणाला. "एवढाच प्रवेश उरलाय तिचा. संपला की सांगू."

व्यवस्थापकानं जासुदाचा दंड धरला. "तू अवाक्षर काढू नकोस हं."

"अहो, मग मी आत जाऊन सांगू काय?"

"जे लिहिलंय तेच."

जे लिहिलं होतं, ते तिघांनाही पाठ होतं.

आत शिंग वाजलं. जासूद आत जाऊन नेहमीच्या जागी, दरबाराच्या दाराशी उभा राहिला.

सिंहासनाच्या पायऱ्यांवर ताई बसली होती. तिनं वर पाहिलं. जासुदाच्या हातात सफरचंद होतं, पण दात उघडेनात. गंजलेला नट फिरू नये तशी जीभ अडली. रडावं, तर तिला कळेल. दगड व्हावं, तर कशाच्या जोरावर? "चावा, काका!" विंगेतून दबका आवाज आला. देवा, तूच सांभाळ, असं मनाशी म्हणत तो दारापासून पुढे निघाला. फळ त्यानं पायरीवर ठेवलं आणि राजमातेच्या खालच्या पायरीवर बसला. आजवर कुठल्याच दिग्दर्शकानं जासुदाला तिच्यापुढे बसवलं नव्हतं.

मग तो बोलला. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही.

इथे ताईनं किंचाळायचं होतं. ती किंचाळली नाही. त्याच्याकडे बघत राहिली. मग तिची बोटं त्याच्या खांद्यात रुतली.

"पाणी तरी मिळालं का रे त्याला?" हेही नाटकातलंच वाक्य.

"मी नव्हतो तिथं, माते." हेही.

पुढचं लांबलचक भाषण ताईनं न अडखळता पुरं केलं. पडदा पडला. तशीच बसून ती म्हणाली, "माझा भाऊ ना?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"तू बसलास, तेव्हाच कळलं."

राजमातेचा झगा अंगावर तसाच ठेवून ती व्यवस्थापकाबरोबर गाडीत बसली.

दिग्दर्शकाचे डोळे पाणावले होते. "काका, हेच ठेवू या. रोज बसायचं."

जासुदानं पायरीवरचं सफरचंद उचललं, सदऱ्याला पुसलं. "नाही साहेब. ते नाटकातलं नव्हतं. पुढच्या खेपेला खातो की मी."



काही आठवड्यांनी ताई परतली. शिंग वाजलं. ठरल्याप्रमाणे जासूद दाराशी उभा राहिला आणि कचकन चावा घेतला. ताईनं त्याच्याकडे पाहिलं. मग आपल्या झग्याचा पायरीवर पसरलेला घोळ तिनं हातानं गोळा केला, बाजूला ओढला आणि एका माणसापुरती जागा केली.

घास गिळायला त्याला वेळ लागला.