बावखलाची निळी रेघ

आत्मारामने नकाशा ओटीवर पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर एकेक हिरवं केळं ठेवलं. पिवळट कागदावर उमेळ्याच्या वाड्या, विहिरी, पाट आणि मधोमध निळं बावखल, साऱ्या वाड्यांना पाणी पाजणारं तळं. वडील पाण्याच्या पाळ्या लावायचे, तेव्हापासून नकाशा पेटीत होता. त्याच बावखलात आता इमारतीसाठी भराव पडत होता. बांधणारे म्हणत होते, इथे तळं नव्हतंच. उद्या तहसीलचे साहेब पाहणीला येणार. पुरावा म्हणून एवढा एक कागद.

चष्मा पुसून तो पुन्हा वाकला. बावखलातून खाडीकडे पाटाची एक बारीक निळी रेघ निघाली होती. तिच्यावरून सरकत आलेलं बोट त्याच्याच घरावर थांबलं. मागच्या खोलीवर. मुलाच्या लग्नाआधी हौसेने बांधलेली खोली.

"बाबा, तो कोपरा दुमडून झेरॉक्स काढू," मागे उभी असलेली सून, स्वप्ना, म्हणाली. "तळं दिसलं की झालं. आपलं घर कशाला दाखवायचं?"

आत्मारामने कोपरा दुमडला. एकादशीला अख्खं कीर्तन टाळ धरणारा हात, पण एवढासा कागद दुमडताना भरून आला. वर त्याने केळं ठेवलं.

तेवढ्यात शेजारचा पॉल गुडघ्यावर हात टेकत पायरी चढला. दर पावसाळ्यात तुंबलेलं पाणी आधी त्याच्या अंगणात शिरायचं.

"काय रे आत्मा, केळ्यांचा बाजार मांडलास?"

बसता बसता त्याने नेमकं तेच केळं उचललं. कागद हळूच उलगडला.

"पॉल, तुझ्या अंगणातलं पाणी..." आत्मारामने मान खाली घातली. "तो पाट मी बुजवला."

"मला सांगतोस? दगड कुणाच्या गाडीतून आले? वर तुझ्याच घरी मथुरावहिनींच्या हातचं जेवलो, पोटभर."

पॉलने केळं बाजूला ठेवलं आणि त्या रेघेवर बोट टेकवलं.

"मग साहेबांना काय सांगायचं?" पॉलने विचारलं.

"सगळं. खोली गेली तर जाऊ दे. दमलो रे आता."

बोलून झाल्यावर त्याला स्वप्नाची आठवण झाली. खोली तिची होती. खालच्या फळीवर कपडे ठेवायचं तिने तीन वर्षांपूर्वीच सोडलं होतं, ओल कधी हटतच नव्हती. त्याने मागे बघितलं. दारात कुणी नव्हतं.

मागच्या खोलीतून काहीतरी जड सरकल्याचा आवाज आला.

"बाबा," स्वप्नाने हाक मारली, "जरा या. पॉलकाका, तुम्हीपण. कपाट बाहेर काढायचंय, एकटीला हलत नाही."