तीन सह्या

मनोहरराव शिरस्तेदारांना कोर्टातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी घरातलं मीठ संपलं की ते बायकोच्या पिशवीत 'सबब मीठ आणणे' अशी चिठ्ठी टाकत. प्रताप नगरातल्या बावीस घरांच्या सोसायटीनं त्यांना सेक्रेटरी केलं ते याच गुणावर. १९७३ चा उन्हाळा होता, नळ दोन-दोन दिवस कोरडे, आणि सगळ्यांची भिस्त सोसायटीच्या एका विहिरीवर. मनोहररावांनी तिच्यावर लोखंडी जाळी बसवली, कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या करदोड्याला बांधली.

नियम फुलस्केपवर लिहून विहिरीजवळच्या फळीवर डकवले होते. पाणी सकाळी सहा ते सात, घरामागे चार बादल्या. एरवी कुलूप उघडणार नाही. अपवाद तीन : बाळंतपण, लग्न आणि मयत.

आदल्या वर्षी यादीत आजारपणही होतं. मग काय, अख्खी सोसायटी आजारी पडली. कुणाला पित्त, कुणाच्या पायात गोळे, आणि आजाऱ्यांच्या नावानं नेलेलं पाणी कुलरच्या टाकीत नि मोगऱ्याच्या आळ्यात. बोट दिलं की मनगट धरणारी जात! मनोहररावांनी यंदा तो शब्दच खोडला. अपवाद मोजून लिहिले, की जे लिहिलं नाही ते नियमात गेलं, हे त्यांनी कोर्टात तीस वर्षं ऐकलं होतं. तरी अडीनडीला म्हणून नववं कलम ठेवलं : यादीबाहेरचं काही असेल तर कमिटीच्या तीन सभासदांच्या सह्या आणाव्या.

ही यादी त्यांनी सर्वांत आधी रुपरावांना वाचून दाखवली. रुपराव शेजारच्या देवराव पोस्टमनचे वडील. काटोलकडची शेती धाकट्या मुलावर सोपवून इथं आलेले. त्यांचा चष्मा तुटला होता, म्हणून रोज संध्याकाळी मनोहररावच त्यांना पेपर वाचून दाखवत. यादी ऐकून म्हातारा खो खो हसला होता.

"मनोहरराव, तुमच्या यादीत माणूस जन्मला, त्याचं लगन झालं न तो मेला. मंधात काय करते गा तो?"

मनोहररावही हसले होते.

नवतप्याचा, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांतला, तिसरा दिवस. दुपारी दीड वाजता देवरावची बायको कौसल्या दारात धापा टाकत उभी राहिली. पायात चप्पल नव्हती. सासऱ्यांना ती मामाजी म्हणे.

"काकाजी, मामाजी महालातल्या बाजारात चष्मा आणाले गेले होते. रिक्षा नाही भेटला तं पायीच आले न आंगणात पडले. आंग नुसतं फणफणून राहिलं, काहीबाही बरळून राहिले. डाक्टर म्हणते, दवाखान्याची गाडी येईपर्यंत आंगावर पाणी ओतत राहा, थांबू नका. घरात थेंब नाही. विहिरीची किल्ली द्या न."

प्रेमिलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलंही नाही. घरात होती ती भरली बादली तिच्या हाती दिली आणि माठ दुसऱ्या बादलीत रिता केला.

"एवढ्यानं नाही होणार, काकीजी," कौसल्या रडवेली होऊन म्हणाली.

मनोहररावांचा हात करदोड्याकडे गेला आणि तिथेच थांबला. "तू हे घेऊन हो पुढे, पोरी. मी तीन सह्या आणतो. अर्ध्या घंट्यात आणतो. मंग विहीर तुहीच."

ती गेल्यावर प्रेमिलाबाई कडाडल्या, "किल्ली तुमच्याच कमरेले हाये न? मंग काहून हिंडता?"

"काल बापूजीच्या नातवाले ताप होता, त्याले नाही म्हटलं मी. आज रुपराव माहा दोस्त म्हणून उघडली, तं उद्या कोन्त्या तोंडानं कोणाले नाही म्हणू?"

आता हे बोलणं चूक होतं असं कोण म्हणेल? त्यांनी डोक्याला दुपट्टा बांधला, अर्ज खरडला आणि छत्री घेऊन निघाले. केशव मास्तरांनी न वाचता उभ्याउभ्या सही केली. यमुताईंनी पिठाच्या हातानं केली नि म्हणाल्या, "पळा आता." कमिटीतले दोघे गावाला गेलेले. उरले बापूजी.

बापूजी वाळ्याच्या ताटीआड झोपले होते. त्यांची सून दारातच म्हणाली, "आत्ताच डोळा लागला. मंधात उठवलं तं लई चिडतात."

मनोहरराव ओट्यावर बसले. समोर तीस पावलांवर विहीर होती. मांडीवर दोन सह्यांचा कागद, कमरेला किल्ली. उठावं, जाळी उघडावी, सही मागाहून घ्यावी, असं त्यांच्या मनात तीनदा आलं. तिन्ही वेळा ते उठले नाहीत. काल याच ओट्यावर उभं राहून आपण बापूजींना कलम वाचून दाखवलं होतं, हे त्यांना आठवे. त्यांना लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. एकदा बिनकागदाचं कुलूप उघडलं की आपल्याला कोण विचारतो, ही ती भीती. पाणी ओततच असतील, अर्ध्या तासानं काय बिघडतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

बापूजी सव्वातीनला उठले. कागद वाचून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे, याच्यासाठी सही? माणूस मरून राहिला न तुम्ही कागद घेऊन फिरून राहिले? माह्या नातवाले तं साधा ताप होता. मले उठवाचं न गा! नाही तं उघडून टाकाची!"

सही ओली असतानाच मनोहरराव धावले. छत्री ओट्यावरच राहिली. कुलूप उघडलं, बादली सोडली, ओढली, आणि उभ्या जन्मात कधी पाणी न वाहिलेला तो माणूस भरली बादली घेऊन धोतर भिजवत देवरावच्या अंगणात शिरला.

देवराव दारात उभा होता. सायकलच्या मागे बर्डीच्या बाजारातून आणलेली बर्फाची लादी गोणपाटात गळत होती. गाडी अजून यायचीच होती. त्यानं मनोहररावांच्या हातातली बादली घेतली आणि हळूच खाली ठेवली.

"राहू द्या, काकाजी," तो म्हणाला.

आत कौसल्यानं हंबरडा फोडला. कोनाड्यात नवा चष्मा घरासकट ठेवलेला होता. मनोहररावांच्या मुठीत तीन सह्यांचा कागद होता, नववं कलम पुरेपूर पाळलेला. त्यांना तो तोंडात घालून चावावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला विहिरीवर नेहमीची रांग लागली. कौसल्या दोन रिकाम्या बादल्या घेऊन आली, तशी रांग आपोआप बाजूला सरली. फळीवर लिहिलंच होतं, मयत असलेल्या घरास प्रथम व हवे तेवढे पाणी.

मनोहररावांनी रहाट कुणाला धरू दिला नाही. तिच्या दोन्ही बादल्या भरल्या. मग प्रेमिलाबाईंच्या हातातली बादली घेतली, ती भरून कौसल्यापुढे ठेवली. केशव मास्तरांची ठेवली, यमुताईंची ठेवली, बापूजींची ठेवली. दोरानं तळहात सोलले तरी ते ओढतच होते.

"घे पोरी. अजून घे. यादीत आहे," ते पुटपुटत होते. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात मोकळा नव्हता.

कौसल्यानं दोर धरला.

"बस झालं, काकाजी. मामाजीच्या आंघोळीपुरतं झालं. आता एवढं नाही लागत."

ती आपल्या दोन बादल्या घेऊन गेली. बाकीच्या भरलेल्या बादल्या काठावर तशाच होत्या, आणि सात वाजेपर्यंत रांगेतल्या कुणीही त्यांना हात लावला नाही.